परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध आणि पुंजविज्ञान

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतूनच निघालेला आहे. "क्वांटमच्या साहाय्याने परग्रहावरील लोकांशी एका क्षणात बोलता येते, हे खरे काय?" असा प्रश्न वर्गात वारंवार विचारला जातो. मुलांनी हे मोबाईलवर पाहिलेले असते. सांगणारा मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, मागे संगीत वाजत असते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलेले आहे.

हा विषय घेण्याचे दुसरे कारण पालकांशी संबंधित आहे. 'क्वांटम' हा शब्द आज बाजारात विकला जातो. या नावाची लॉकेटे मिळतात, पाण्याच्या बाटल्या मिळतात. तळहातात एक दांडी धरायला देऊन दोन मिनिटांत सगळ्या शरीराची तपासणी करून देणारी यंत्रे शिबिरांतून येतात आणि कष्टाचे पैसे घेऊन जातात. तेव्हा या शब्दामागे खरोखर काय आहे, काय असू शकेल आणि काय मुळीच नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. गणिताच्या वाटेला न जाता, घरातील आईला व आठवीतल्या मुलाला समजेल अशा शब्दांत बोलण्याचा प्रयत्न करतो.

पुंज म्हणजे काय?

इ. स. १९०० मध्ये मॅक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने असे मांडले की, तापलेली वस्तू ऊर्जा बाहेर टाकते ती नळाच्या धारेसारखी सलग नसते. ती नाण्यांसारखी सुटी सुटी असते. रुपयाचे नाणे देता येईल, दोन देता येतील, पण नाणे फोडून अर्धे देता येणार नाही. ऊर्जेच्या अशा सुट्या गाठोड्यास मराठीत 'पुंज' म्हणतात. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशदेखील असाच कणाकणांनी येतो असे दाखविले. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी हाच विचार अणूला लावला. १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठात शिकविणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी या शास्त्रात अशी भर घातली की, आज विश्वातील कणांच्या एका संपूर्ण वर्गाला त्यांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणतात. म्हणजे हे शास्त्र केवळ परदेशातून आलेले नाही. आपल्या उपखंडातील माणसांचाही त्यात वाटा आहे.

अणूतील इलेक्ट्रॉन हा जिन्यावर राहणाऱ्या माणसासारखा आहे, असे समजा. तो पहिल्या पायरीवर असेल किंवा दुसऱ्या, दोन पायऱ्यांच्या मध्ये मात्र त्याला उभे राहता येत नाही. वरच्या पायरीवरून खाली येताना तो प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो, आणि त्या कणाचा रंग दोन पायऱ्यांमधील उंचीवरून ठरतो. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, म्हणून प्रत्येकाचे रंगही वेगळे. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकून पाहा, ज्योत पिवळी होईल. हा मिठातील सोडियमचा रंग होय. हा रंग मुंबईत पिवळा आणि चंद्रावर हिरवा असे होत नाही. कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यातील सोडियमही हीच सही करतो.

ही सही किती खात्रीची असते, याचे एक उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेले आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. जॅन्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी आंध्रातील गुंटूर येथे आले होते आणि सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशाचे त्यांनी पृथक्करण केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर यांना सूर्यप्रकाशात एक पिवळी रेषा आढळली. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या द्रव्यास 'हेलियम' असे नाव देण्यात आले, आणि १८९५ मध्ये रॅम्से यांनी ते पृथ्वीवरच शोधून काढले. जे द्रव्य कोणी हातात धरले नव्हते, ते नऊ कोटी मैलांवरून ओळखले गेले. परग्रहावरील जीवसृष्टीचा सारा शोध याच पायावर उभा आहे.

हायड्रोजनची खूण

विश्वात सर्वांत विपुल असलेले मूलद्रव्य हायड्रोजन. त्याच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असतो. हे दोन्ही कण लहानशा लोहचुंबकासारखे वागतात. त्यांची तोंडे एकाच दिशेला असली तर ऊर्जा किंचित जास्त असते, आणि विरुद्ध दिशांना असली तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनने कूस बदलली की २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एकटा सोडलेला अणू ही कूस बदलायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षे घेतो. परंतु आकाशगंगेत हायड्रोजनचे अणू इतके अगणित आहेत की, ही लहर सतत कोठून ना कोठून येतच असते. १९४४ मध्ये हॉलंडमध्ये व्हान डी हुल्स्ट यांनी हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये अमेरिकेत ती लहर प्रत्यक्ष पकडली गेली.

१९५९ मध्ये कोकोनी व मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी एक साधा विचार मांडला. अफाट आकाशात कोणी आपल्याला हाक मारीत असेल तर ती कोणत्या लहरीवर मारील? ज्या लहरीची माहिती विश्वातील प्रत्येक रेडिओ-शास्त्रज्ञाला असलीच पाहिजे, अशा लहरीवर. म्हणजे या २१ सेंटिमीटरवर. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील ८५ फूट व्यासाची दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळविली. काही ऐकू आले नाही. त्यानंतर अनेकांनी शोध घेतला, पण खात्री पटावी असा एकही संदेश आजवर मिळालेला नाही.

आपणही आपली ओळख याच खुणेने सांगितली आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. ती कशी वाजवावी हे सांगणाऱ्या चित्रात काळ मोजण्याचे एकक म्हणून हायड्रोजनच्या अणूची हीच कूस वापरलेली आहे. त्या तबकडीवर ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठी आहे, उर्दू आहे आणि अरबीही आहे. गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या आवाजातील भैरवीही आहे. आपल्या घरात ज्या भाषा कानी पडतात, त्या आज सूर्यमालेतील ग्रहांच्या पलीकडे गेलेल्या आहेत.

ही लहर ऐकणारी एक मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळील खोडद येथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती होते. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप. दूरच्या हायड्रोजनचा शोध हा ती उभारण्यामागील एक मुख्य हेतू होता. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेली हायड्रोजनची लहर या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. आपली मुले नाशिकला जाताना ज्या रस्त्यावरून जातात, त्या रस्त्यापासून ही दुर्बीण फार दूर नाही.

ग्रहाच्या हवेची झडती

दुसरी वाट हाक ऐकण्याची नाही, हवा हुंगण्याची आहे. १९९५ मध्ये मेयर व केलोझ यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम शोधला. आज असे ग्रह पाच हजारांहून कितीतरी अधिक माहीत आहेत. असा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हवेतील प्रत्येक वायू आपापल्या पायऱ्यांप्रमाणे ठराविक रंग गिळतो. कोणते रंग कमी झाले हे पाहिले की हवेत काय आहे ते कळते.

ही पद्धत खरी आहे की नाही याची परीक्षा आपल्याच पृथ्वीवर घेण्यात आली. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेले. पृथ्वी जणू अनोळखी ग्रह आहे असे समजून कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यानाची मापे तपासली. हवेत ऑक्सिजन व मिथेन एकत्र सापडले. हे दोन वायू एकमेकांना संपवीत असतात. ते एकत्र टिकले आहेत याचा अर्थ कोणीतरी त्यांची सतत भर घालीत आहे. पृथ्वीवर हे काम वनस्पती व जीवजंतू करतात.

येथे आपल्या देशातील आणखी एका शोधाचा उल्लेख केला पाहिजे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जो परिणाम शोधला, तोही पुंजविज्ञानाचाच भाग होय. पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून पदार्थातील रेणू ओळखता येतात. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स या गाडीवर हीच रीत वापरणारी उपकरणे आहेत आणि ती मंगळाच्या खडकांत सेंद्रिय द्रव्ये शोधतात. आपण शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तो याच शोधाचा दिवस आहे.

शक्य, पण अजून न घडलेले

आतापर्यंत जे सांगितले ते सिद्ध झालेले आहे. आता अंदाजाच्या प्रदेशात जाऊ. परंतु हे अंदाज जबाबदार शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून केलेले आहेत.

पहिला अंदाज दुर्बिणींच्या जोडणीचा. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पृथ्वीएवढी मोठी दुर्बीण असल्यासारखे काम करता येते. २०१९ मध्ये कृष्णविवराचे जे चित्र प्रसिद्ध झाले ते असेच मिळाले. रेडिओ लहरी त्या त्या जागी नोंदवून ठेवता येतात आणि नंतर जुळविता येतात. दृश्य प्रकाशाचे तसे नाही. तो सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा हेलकावे घेतो, आणि त्याची तशी नोंद करणारे यंत्र नाही. म्हणून प्रकाशच एका जागी आणावा लागतो, आणि लांबच्या प्रवासात तो वाटेतच नष्ट होतो. २०१२ मध्ये गॉट्समन, जेनेवाइन व क्रोक यांनी यावर एक उपाय सुचविला. दोन दुर्बिणींमध्ये आधीच परस्परांशी गुंतलेल्या प्रकाशकणांची जोडी वाटून ठेवावी आणि तिच्या साहाय्याने दोन ठिकाणच्या ताऱ्याच्या प्रकाशाची तुलना करावी. हे साधले तर दूरच्या ग्रहाचे रूप आजच्यापेक्षा कितीतरी बारकाईने पाहता येईल. परंतु ते साधण्यासाठी लागणारी साधने अजून बाल्यावस्थेत आहेत.

दुसरा अंदाज याहून धाडसी आहे. परग्रहावरील प्रगत लोक साध्या रेडिओऐवजी पुंज-संदेश पाठवीत असतील काय? अशा संदेशाची वाटेत कोणाला नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालेले आहे. पण इतक्या दूरच्या प्रवासात प्रकाशकणाची नाजूक अवस्था टिकेल काय? एडिंबरा विद्यापीठातील अर्जुन बेरेरा यांनी २०२० मध्ये व पुढे २०२२ मध्ये सहकाऱ्यासमवेत याचा हिशेब केला. ताऱ्यांमधील जागा इतकी रिकामी आहे की, काही प्रकारचे प्रकाशकण, विशेषतः क्ष-किरणांचे, फार मोठे अंतर आपली अवस्था न बिघडविता पार करू शकतील, असा निष्कर्ष निघाला.

मग अडचण कोठे आहे? २०२४ मध्ये लॅथम बॉइल यांनी ती दाखवून दिली. असा संदेश बिघडू न देता घ्यायचा तर पाठविलेल्या कणांपैकी बरेचसे कण हाती लागले पाहिजेत, आणि त्यासाठी अगदी जवळच्या ताऱ्याशी बोलायलाही १०० किलोमीटरहून मोठ्या व्यासाची दुर्बीण दोन्हीकडे हवी. त्यावरून त्यांनी एक मार्मिक तर्क केला आहे. इतकी मोठी दुर्बीण बांधणाऱ्यांना आपल्याकडे तशी दुर्बीण नाही हेही दिसत असेल, म्हणून ते आपल्याकडे संदेश पाठवीतच नसतील! हा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच मांडलेला आहे.

जे होऊ शकत नाही

आता विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गुंतलेल्या कणांच्या जोडीने एका क्षणात दूरवर बोलता येते काय? नाही. अशी दोन नाणी आहेत असे समजा, की एक पुण्यात व एक रत्नागिरीत उडविले तरी दोन्ही नेहमी सारखीच पडतात. पुण्यात छापा पडला की रत्नागिरीतही छापाच पडणार हे आपल्याला तत्काळ कळते. परंतु छापा पडावा की काटा हे आपल्या हाती नाही. मग आपण निरोप पाठविणार कसा? रत्नागिरीच्या माणसाला छाप-काट्यांची एक वेडीवाकडी मालिका दिसेल, एवढेच. ती पुण्याच्या मालिकेशी जुळते हे समजण्यासाठीसुद्धा त्याला फोन करावाच लागेल, आणि फोन प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही.

ही जोडी खरी आहे. तिच्यावरील प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर व झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चीनच्या उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किलोमीटर अंतरावर अशी जोडी वाटून दाखविली. परंतु प्रकाशापेक्षा वेगवान निरोप मात्र या शास्त्राच्या नियमांतच बसत नाही. आणि लॉकेट व बाटली यांचा तर या शास्त्राशी कसलाही संबंध नाही.

दावा आणि पुरावा

खरा शास्त्रज्ञ आणि बाजारातला विक्रेता यांतील फरक एका ताज्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षे दूर के२-१८ बी नावाचा ग्रह आहे. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्याने त्याच्या हवेत मिथेन व कार्बन डायऑक्साइड असल्याचे दाखविले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आणखी एका वायूच्या खुणा दिसत असल्याचे जाहीर केले. तो वायू पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीव निर्माण करतात. वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. परंतु स्वतः त्या शास्त्रज्ञांनी सांगितले की, ही खूण केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन आहे. आपल्याला ही शक्यता किरकोळ वाटेल. विज्ञानाला एवढ्याने समाधान नसते. शोध लागला असे म्हणण्यासाठी ही शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी असावी, असा संकेत आहे.

लगेच इतर गटांनी तीच मापे पुन्हा तपासली आणि खूण पुरेशी भक्कम नसल्याचे मत दिले. हा वायू जीवसृष्टी नसलेल्या एका धूमकेतूवरही आढळला आहे, हेही निदर्शनास आणले गेले. यात कोणाचा अपमान झाला नाही. दावा करणाऱ्याने आपली मापे खुली ठेवली, दुसऱ्याने ती तपासली, आणि निर्णय अजून व्हावयाचा आहे. तुमच्या दारी येणारा यंत्रवाला आपली मापे कोणाला तपासू देतो काय? एवढा एकच प्रश्न त्याला विचारून पाहा.

धर्म आणि हा शोध

काही पालकांच्या मनात अशी शंका असते की, परग्रहावर जीव शोधणे हे आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध तर नाही? आपल्या पूर्वसूरींना हा प्रश्न नवा नव्हता. बाराव्या शतकातील थोर विद्वान इमाम फखरुद्दीन राझी यांनी, विश्व एकच असले पाहिजे हा ग्रीक तत्त्वज्ञांचा युक्तिवाद अपुरा ठरविला आणि अल्लाहच्या सामर्थ्याला अशी मर्यादा घालता येत नाही, त्याने आणखीही विश्वे निर्माण केलेली असू शकतात, असे प्रतिपादन केले. त्यांच्याही आधी इब्न अल-हैथम यांनी प्रकाशाचा अभ्यास केवळ ग्रंथ वाचून न करता अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून केला, आणि जुन्या आचार्यांचे म्हणणेही तपासून पाहिले पाहिजे असा आग्रह धरला. आपल्या शतकाच्या जवळचे उदाहरण पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचे. १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर, सजीवांतील अमिनो आम्ले एकाच, डाव्या, घडणीची का असतात, या कोड्याचा संबंध अणूंमधील सूक्ष्म बलांशी असावा काय, असा विचार त्यांनी १९९१ मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही. पण प्रश्न विचारण्यास ते कचरले नाहीत.

शेवटी काही विनंत्या

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, कोणतीही नवलाची गोष्ट ऐकलीत की तीन प्रश्न विचारा. हे कोणी मोजले? कसे मोजले? दुसऱ्या कोणी पुन्हा मोजून पाहिले काय? मग ती गोष्ट तीनपैकी एका कप्प्यात ठेवा: सिद्ध, शक्य किंवा खोटी. शक्य असलेल्या गोष्टीला सिद्ध म्हणू नका, आणि अजून सिद्ध झाली नाही म्हणून तिला खोटीही म्हणू नका.

पालकांना माझी विनंती अशी की, दहावीनंतर मुलाला, आणि विशेषतः मुलीला, विज्ञानाची आवड असेल तर 'हे आपल्या लोकांचे काम नव्हे' असे म्हणून तिचा अर्ज परत घेऊ नका. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले आहे. त्यातील सूक्ष्म मापनाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. म्हणजे हे काम आपल्या राज्यातच चालणार आहे. तेथे पोहोचण्याचा रस्ता आठवीच्या गणितातून आणि नववीच्या प्रयोगवहीतून जातो. शिबिरातल्या यंत्रावर जे पैसे जातात, त्यांत वर्षभराची पुस्तके येतात.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एकच सुचवितो. वर्षातून एकदा मुलामुलींची एक सहल खोडदच्या दुर्बिणीकडे काढावी. तीस तबकड्यांपैकी एखादी जवळून पाहिली की, पुस्तकातले धडे मुलांना खरे वाटू लागतील.

या विश्वात आपण एकटे आहोत की नाही, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही. ते ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी ते तपासून पाहणाऱ्यांमध्ये आपल्या शाळेतील एखादा मुलगा किंवा मुलगी असावी, अशी मी अल्लाहकडे दुआ करतो.